उसाच्या काट्यावर तृप्तीची प्रतिकारशक्ती

१२ नोव्हेंबर, सकाळ
तृप्तीला महिन्यात तिसरी सर्दी. वय तीन. लसी सगळ्या वेळेवर झाल्या, तरी मी समाधानी नाही. आजपासून लेकीची प्रतिकारशक्ती नैसर्गिकरीत्या वाढवणार. हिरडा, सुंठ, हळकुंड सहाणेवर उगाळून बाळगुटी. ज्योत्स्ना म्हणाली, "गुटी तान्ह्या लेकराला देतेत. ही भाकर खाऊन राह्यली!" जुनं शास्त्र बायकोला पटायला वेळ लागतो.

१३ नोव्हेंबर
अर्धी गुटी तृप्तीच्या पोटात, अर्धी माझ्या शर्टावर. डाग निघत नाही. म्हणजे हळद अस्सल.

१४ नोव्हेंबर
मोजमाप हवंच. कारखान्याच्या वजनकाट्यावर माझी ड्यूटी. दुपारी ट्रॅक्टरच्या जागी तृप्तीला उभं केलं. दहा किलो. मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "साहेब, ह्यो ऊस कोन्या गावचा?" दुर्लक्ष केलं.

२१ नोव्हेंबर
वीस किलो! आठवड्यात दुप्पट! काट्यावरचा सोबती देवानंद म्हणाला, "आरं, काटा दहा-दहानं उडतो. आज पोरीला स्वेटर-बूट हायेत, तेवढ्यानं वजन पंधराच्या पल्याड गेलं." जळतो. त्याची पोरं किरकोळ आहेत. वजन दुप्पट, म्हणून उद्यापासून गुटी दुप्पट.

२२ नोव्हेंबर
तृप्ती तीनदा ओकली. दवाखाना. डॉक्टर म्हणाले, गुटी बंद. ज्योत्स्ना म्हणाली, "आता पोरीच्या तोंडाजवळ काहीबी नेलं, तर मी तिला घेऊन धावड्याला चालले. माहेर हाय मला." मी वचन दिलं. अगदी मनापासून.

२४ नोव्हेंबर, सकाळ
वचन गुटीचं होतं. तुळशीचा काढा हा वेगळा विषय. ज्योत्स्ना आंघोळीला गेल्यावर फक्त एक चमचा दिला. तृप्ती अशी किंचाळली की शेजारीण पिठानं भरल्या हातानं धावत आली. घसा मजबूत झाल्याचं लक्षण.

२४ नोव्हेंबर, संध्याकाळ
घराला कुलूप. किल्ली शेजारणीकडे. म्हणाली, "धावड्याला गेल्या मायलेकी. काढा तुमच्यासाठी ठिवलाय."

२८ नोव्हेंबर
फोनवर ज्योत्स्नाने सांगितलं, पोरगी शेळ्यांमागे पळते, मातीत लोळते, भाकर मागून खाते. सर्दी नाही. गुटीचा गुण उशिरा येतो, तो हा. घरी कधी येणार विचारलं. म्हणाली, "तिलाच विचारा."

३० नोव्हेंबर
व्हिडिओ कॉल केला. मी दिसताच तृप्तीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. म्हणालो, बाळा, पप्पाकडे काहीच नाही, बघ. रिकामे हात दाखवले. उलटे करून दाखवले. खिसेही दाखवले.
तिने हात काढले नाहीत.