बोटभर कमी

दि. १८ सप्टेंबर, दुपार

प्रिय दादा,

वहिनीच्या गुडघ्याला आता उतार असेल. माझी तब्येत ठीक. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र शाळेच्या शिपायाच्या हाती पाठवतेय.

सध्या चौथीला मजबूत रचना शिकवतेय. कागदाच्या गुंडाळ्यांचे खांब, वर पुठ्ठा, त्यावर पुस्तकं. चौकोनी खांब आठव्या पुस्तकाला बसले, गोल खांबांनी सव्वीस पेलली. मग तेच गोल खांब ओल्या वाळूवर उभे केले, तर तिसऱ्यालाच आडवे.

"खांब चांगले होते, बाई. खालचं वाईट होतं," मुंगी म्हणाली. ही वर्गात सगळ्यात लहानखुरी, पण बोलणं मुख्याध्यापकाचं. मी उगाच फळा पुसत राहिले.

वर्गाच्या मधला खांब तूच ओतलास. वर्ष सुरू होताना मी त्यावर पेन्सिलीने प्रत्येकाची आणि माझीही उंची नोंदवते. सोमवारी पुन्हा मोजली. एकतीसच्या एकतीस मुलं कमी भरली. कुणी अर्धं बोट, कुणी थोडं जास्त. पोरं खिदळली, मलाही धरून उभं केलं. मी पुरती बोटभर कमी. म्हटलं, पेन्सिल तिरकी धरली असेल. मुलं हसायची थांबली. त्यांना ते पटलं नव्हतं.

मुंगी खांबावर हात ठेवून म्हणाली, "हा इथंच आहे, बाई. आपण खाली चाललोय."

काल वजनासाठी आणलेली एक गोटी टेबलावरून पडली आणि घरंगळत खांबालगतच्या फटीत शिरली. ती फट मागच्या आठवड्यात नव्हती. मुंगी मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. मग खालून आवाज आला. पाण्याचा.

दादा, चार.

अठरा वर्षांपूर्वी मी तुझा डबा घेऊन बांधकामावर आले होते. या वर्गाच्या जागी असलेल्या जुन्या विहिरीत खडा टाकून आपण दोघांनी चारच मोजले होते. बुजवतो म्हणालास. बुजवली नाहीस. तोंडावर फळ्या टाकल्यास, त्यावर राडारोडा, त्यावर फरशी. "कुठं बोलू नकोस," म्हणालास. मी बोलले नाही. तुझा शब्द राखला, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला त्याच शाळेत नोकरी लागणार होती. त्या फरशीवर उभं राहून मी पोरांना पाया म्हणजे काय ते शिकवलं.

आज सकाळी मुलांना पटांगणात बसवलं. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, तुझं आणि माझंही. त्या बराच वेळ पायांखालच्या फरशीकडे बघत होत्या. आमचा आणि शेजारचे दोन्ही वर्ग रिकामे केलेत. उद्या दहाला इंजिनिअर येतील. विहिरीचं तोंड केवढं, कुठल्या भिंतीखाली गेलंय, हे कुठल्याच नकाशात नाही. ते फक्त तुझ्या डोक्यात आहे. तू ये. नाही आलास तर मला आठवतं तेवढं मी सांगेन, पण मला विहिरीची एकच बाजू आठवते.

कुलूप लावायच्या आधी मी एकटीच त्या खांबाला पाठ लावून उभी राहिले. मुंगीने बाहेरून विचारलं, "किती, बाई?"

सोमवारपेक्षा आणखी अर्धं बोट.

तू लहानपणापासून ज्या नावाने चिडवत आलास, तीच,
तुझी बुटकी