दाजींच्या पँटी मागणाऱ्या भावास

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण घरात बोलणारं दुसरं कोणी नाही, म्हणून त्यांना गप्प करत नाही. तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. काहीही न करता तुझा बीएमआय 'नॉर्मल' झाला, पोट उतरलं, आता दाजींच्या पँटी तुला बसतील (तुझेच बूट तेवढे हल्ली चावतात), हे कळलं. अभिनंदन करायला पेन उचललं नि दाजी आठवले.

त्यांच्या गोदामात दरवर्षी तपासणी असायची. नर्सबाई वजन घ्यायच्या, उंची मोजायच्या, वजनाला उंचीच्या वर्गानं भागायच्या आणि माणसाचा निकाल लावायच्या. दाजी कायम नॉर्मल. ते कार्ड त्यांनी फ्रिजवर चिकटवलं होतं. शेजारच्या ढोल्याला (हा तिथेच पोती उचलायचा, आकड्यानं कायम 'स्थूल') येताजाता चिडवायचे, "अरे, जिना मोडशील! माझ्याकडे बघ!" ढोल्या म्हणायचा, "दादा, तुम्ही आकड्यात बसता, मी खुर्चीतही मावत नाही. ज्याचं त्याचं नशीब."

शेवटच्या वर्षी मी दाजींच्या पँटी कमरेत सारख्या आत घेत होते. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा. चपला मात्र एक नंबर मोठ्या आणाव्या लागल्या. काटा काही हलेना. अंगावरचं मांस जात होतं आणि पायांत पाणी भरत होतं. काट्याला दोन्ही सारखंच. कार्ड पुन्हा नॉर्मल आलं. "बघ," मला म्हणाले, "उगाच शिवत बसतेस." यकृत निकामी झालं तेव्हाही ते नॉर्मलच होते. खांदा द्यायला सगळ्यात पुढे ढोल्या होता. जिना मोडला नाही.

नंतर मी वाचनालयातून पुस्तकं आणून वाचली. हा हिशेब मुळात पुष्कळ माणसांची सरासरी काढायला निघाला होता म्हणे. गर्दीबद्दल तो बरंच खरं सांगतो, रे. पण एकट्या माणसात काय भरलंय आणि काय सरलंय, ते त्याला दिसत नाही.

बाकी तुमची खुशाली कळव.

तुझी ताई

ता. क. पँटी पाठवत नाही. सगळ्या आत घेतलेल्या आहेत. त्या तुला बसू नयेत, एवढंच मागते.

पुन्हा ता. क. बूट नवे घेऊ नकोस. आधी डॉक्टरांकडे जा. आकडा सांगत बसू नकोस, पाय दाखव.