उणे ऐंशीतला दादा

१४ मार्च, मंगळवार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमची खुशाली वहिनीकडून कळत असते. हस्ताक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडता ठेवून देशील आणि वहिनी ते फोडून मोठ्याने वाचेल, हेही मला माहीत आहे. वहिनी, नमस्कार. जरा सावकाश वाच.

आधी आनंदाची बातमी. आमचा आकडा जुळला.

कोलेस्टेरॉल वाहून नेणारे बरेच कण रक्तात असतात. त्यातला एक आईबापांकडून येतो आणि जन्मभर जवळपास तेवढाच राहतो. तो मोजताना प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळंच बोलायचं. म्हणून मी वर्षभर चाळीस लॅबना एकच रक्त पाठवत होते, नळीवर नाव नाही, फक्त नंबर. पहिल्या फेरीत चाळीस लॅबचे चाळीस आकडे आले. शुक्रवारी शेवटची फेरी झाली आणि सगळे एका ओळीत येऊन बसले. आमचे सर चक्क नाचले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, पण नाचले. मग मजल्यावरच्या सगळ्यांना केक वाटला.

आणखी काय लिहू? खिडक्यांना पिवळा रंग दिला, तुला मुळीच आवडणार नाही. भाची सायकल शिकली म्हणे. ढोपरं फुटली का?

बरं, पुरे. मी विषय टाळते आहे हे तुला केव्हाच कळलं असेल.

तुझं रक्त अजून माझ्याकडे आहे.

यंत्र रोज सकाळी तपासायला एकाच माणसाचं रक्त हवं होतं, तेव्हा तू बाही वर करून पिशवीभर दिलंस. त्याच्या आम्ही आठशे इवल्या नळ्या भरून उणे ऐंशी अंशांवर गोठवल्या. तिथेच न थांबता मी हौसेने तुझा आकडा काढला. शंभराच्या वर हृदयाला धोका, आणि तुझे आले एकशे चाळीस. झालं, मी तुझ्या ताटावर पहाराच बसवला. तू वैतागून बाजारातल्या लॅबमध्ये गेलास, तिथे साठ आले. तो कागद तू जेवणाच्या टेबलावर आपटलास आणि मी म्हणाले,

"बाबांसारखाच जाशील. एक्कावन्न ओलांडणार नाहीस."

भाची समोर बसली होती. तू ताटावरून उठलास आणि दारातून वळून म्हणालास, "माझं रक्त परत दे."

दिलं नाही. गेली दोन वर्षं रोज सकाळी पहिली नळी तुझी. लॅबमध्ये तिचं नावच दादा पडलंय. "दादा बरा आहे का?" असं विचारल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नाही. दादा एकशे चाळीसवर असला की यंत्र ठीक. तू तिकडे माझा फोन उचलत नव्हतास आणि इकडे रोज माझ्याशी बोलत होतास. मला तेवढ्यावर भागवावं लागलं.

आता मुख्य गोष्ट. रोज तोच आकडा येतो म्हणजे तो बरोबरच येतो, असं मी धरून चालले. माझ्या धंद्यात याहून मोठा मूर्खपणा नाही. जुळवणीच्या कामात जिथे खरं माप काढतात, त्या मोठ्या लॅबकडे आपलीही एक नळी पाठवायची होती. मी तुझी पाठवली. उत्तर आलं, ब्याऐंशी.

तुझे कण तुझ्यासारखेच अंगाने दणकट आहेत. आमची जुनी पद्धत आकाराला फसायची. दारातल्या चपलांच्या ढिगावरून पाहुणे मोजावेत, तसं काहीतरी. चार धिप्पाड माणसं आली की आम्ही म्हणायचो, सात आले. नवी पद्धत डोकी मोजते. बाजारातली लॅबही चुकली, पण तू रेषेच्या खाली आहेस, दादा. तेव्हाही होतास. मी चुकले. आकड्यात चुकले आणि त्या वाक्यात तर फारच चुकले.

कागद हातात घेऊन मी जिन्यात बसून रडले, आणि रडता रडता हसूच फुटलं. गेल्या महिन्यात तुला बावन्न पूर्ण झाली. त्या सकाळी नळी हातात वितळेपर्यंत मी तिलाच शुभेच्छा देत बसले होते. आता त्या तुला देते.

लहानपणी सफरचंदाच्या फोडीसुद्धा मी पट्टी लावून वाटून घ्यायचे, म्हणून तू मला फूटपट्टी म्हणायचास. तेव्हाही मोठी फोड तू मुकाट्याने माझ्याकडे सरकवायचास. मला दिसायचं. मी बोलायचे नाही.

तुझ्या अकरा नळ्या उरल्या आहेत. पंचवीस तारखेला शेवटची. सर म्हणतात, दुसरा माणूस शोध. मी म्हटलं, माणूस ठरलेला आहे, फक्त तो माझ्याशी बोलत नाही. येशील का? रक्त नाही दिलंस तरी चालेल. पण भाचीला आण. आत्या चुकली होती, हे तिला तुझ्यासमोर सांगायचं आहे.

आणि उपाशी येऊ नकोस. पावाला लोणी लावून, पोटभर खाऊन ये. मी मोजणार नाही.

तुझी, दुरुस्त झालेली,
फूटपट्टी