औलूतलं मेहूण

औलू, फिनलंड
१९ मे २०२६

तीर्थरूप अण्णांस,
सुप्रीताचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तुम्ही दोनदा ‘सरी, सरी’ म्हणजे ‘बरं, बरं’ म्हणता आणि आईच्या हातात फोन देऊन झाडांना पाणी घालायला निघून जाता. ईमेलने आलं म्हणून याला पत्र म्हणायचं नाही, असला वाद काढू नका. शेवटपर्यंत वाचा.

काल मला इथे धनलक्ष्मी नावाच्या बाईंचा फोन आला. तुमच्या मराठी मंडळातल्या बिंदुमाधवकाकांची मुलगी. चार वर्षं नवऱ्याबरोबर औलूतच राहते म्हणे. अण्णा, नोकरीसाठी गाव शोधताना मी नकाशावर एकेक ठिकाण तपासलं होतं. लंडनला मावशी, डब्लिनला चुलतभाऊ हयवदन, सिडनीत तर आपलं अर्धं हनुमंतनगर. औलूत कुणी नव्हतं. म्हणजे तुम्ही शोधून काढेपर्यंत नव्हतं.

बाई फार गोड बोलल्या. अधिक मास आहे, मेहूण जेवू घालायचंय, औलूत दुसरं मराठी जोडपं मिळत नाही, तेव्हा ३१ तारखेच्या रविवारी सुप्रीता आणि अजिंक्य दोघांनी यायचंच, असं म्हणाल्या. बाबांकडून सगळं कळलंय, असंही म्हणाल्या. काय सगळं?

अजिंक्यचा आणि माझा घटस्फोट होऊन दोन वर्षं उलटून गेली. त्यानंतर दीड वर्ष मी बेंगळूरुतच, इंदिरानगरच्या पीजीत काढलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगत होतात की मी होसकोट्याला सासरी आहे. होसकोट्याला उठून बघायला कोण जातंय, हा तुमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. घरी यायचं तर मंडळाची बैठक नसेल तो दिवस बघून यायचं. तेही मी केलं. पण आता हा माणूस व्हिसा न काढता, तिकीट न घेता माझ्यामागे फिनलंडलाही आला, हे मात्र फार झालं. मी इथे नव्याने राहायला आलेय, त्याच्यासकट नाही.

रविवारच्या आत बिंदुमाधवकाकांना खरं काय ते सांगा. आईला नमस्कार. रागावलेय, पण माया आहे तशीच आहे.

तुमची,
सुप्रीता

——

हनुमंतनगर, बेंगळूरु
२२ मे २०२६

चि. सुप्रीता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम, तुझी आई सोडून. तिने तुझं पत्र वाचलं आणि सकाळपासून भांडी आपटते आहे. तुझ्यावर नव्हे, माझ्यावर.

परक्या मुलखात आपलं माणूस असावं म्हणून मी नंबर दिला. बाप असं करतो. उणे वीस तापमानात पाय मोडून पडलीस तर तो तुझा नकाशा येणार आहे का उचलायला? बिंदुमाधवाने विचारलं, जावईही तिथेच ना? मी मान हलवली. एवढंच घडलं. मान हलवण्याला तू खोटं बोलणं म्हणतेस.

आता माझी बाजू ऐक. सव्वीस वर्षं मी मंडळाचं वधूवर सूचक केंद्र चालवतो. तीनशेवर लग्नं जमवली. लोक आपल्या मुली माझ्या शब्दावर देतात. त्याच माणसाने जमवलेलं स्वतःच्या मुलीचं लग्न दीड वर्षात मोडलं, हे सांगायला तोंड कुठून आणू? पुढच्या आठवड्यात दोन घरचे लोक स्थळांची वही बघायला यायचेत.

तू जेवायला जा. अजिंक्य टूरवर आहे म्हण. तिकडे सगळे सारखे टूरवरच असतात. स्वल्प सांभाळून घे, तुझं त्यात काय जातं? शिवाय तिथे कोण ओळखतंय तुला!

तुझ्या आईने मेतकूट पाठवायचं म्हणून डाळी भाजून ठेवल्या आहेत. लोकरीचे मोजे घालत जा. कृपा पांडुरंगाची, राग मात्र तुझा. दोन्ही राहू देत.

तुझा,
अण्णा

——

औलू
१ जून २०२६

तीर्थरूप अण्णांस,
सा. न. वि. वि.

गेले. तुम्ही सांगितल्यासारखंच करायचं ठरवून गेले, हे आधी कबूल करते. ट्राममध्ये पाठ करायला इथे ट्रामही नाही, म्हणून पायी चालत ‘टूर, टूर’ म्हणत गेले. कुठली टूर ते विचारतील म्हणून हॅम्बर्ग ठरवून ठेवलं होतं.

धनलक्ष्मीने दोन पाट मांडले होते. पाट म्हणजे दुकानातून आणलेल्या लाकडी फळ्या, पण भोवती रांगोळी होती. पुरणपोळी, चित्रान्न, डाळीची कोसंबरी, आणि अनारसे बरोबर तेहतीस. पीठ तिने चार दिवस हीटरशेजारी ठेवलं होतं. दोन अनारसे तुपात विरघळले म्हणून तिने पुन्हा केले होते. मी हॅम्बर्ग सांगितलं. ती लगेच म्हणाली की मग डबा भरून देते, ते आले की त्यांना द्या. आणि भरायला लागली. एकेक अनारसा मोजून, खसखशीची बाजू वर ठेवून.

अण्णा, तो डबा मला घेता येईना. जो माणूस दीड वर्षात माझ्याशी धड चार वाक्यं बोलला नाही, त्याच्या नावाने ती बिचारी एवढं करत होती. मी सांगून टाकलं. नवरा नाही, टूर नाही, दोन वर्षांपूर्वीच कोर्टात सह्या झाल्या.

तुम्हाला वाटत असेल ती कळवळली. अजिबात नाही. ती वैतागली! हे फोनवरच सांगितलं असतंस तर मी हेलसिंकीहून एखादं जोडपं बोलावलं असतं, आता आयत्या वेळी मेहूण कुठून आणू, म्हणून माझ्यावर चांगली उखडली. तिच्या नवऱ्याने मध्ये पडून सगळं जेवण गार होतंय याची आठवण करून दिली. मग तिने एक पाट उचलला आणि मला वाढलं. पोळीवर तूप घालताना ती म्हणाली की माझ्या घरी येऊन पुन्हा खोटं बोलू नकोस, बाकी केव्हाही ये. दोन वर्षांत इतकं बरं मला कुणाशी बोलून वाटलं नव्हतं.

ती तिच्या वडिलांना आठवडाभर काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं आहे. सात तारखेला मंडळाची बैठक आहे, मला माहीत आहे. तुम्ही विचारलंत, माझं त्यात काय जातं. अण्णा, मी घरी येऊ शकत नाही, हे जातं. दिवाळीत यायचंय मला. पुढच्या दाराने.

उत्तराची वाट बघतेय. या वेळी मान हलवून चालणार नाही.

सुप्रीता

——

हनुमंतनगर
८ जून २०२६

चि. सुप्रीता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल सांगितलं. विषयपत्रिकेत पाणपोईनंतर आणि हिशेबतपासनीस निवडण्याआधी. बिंदुमाधव चष्मा पुसत बसला. कुणीतरी म्हणालं, मुलीच ऐकत नाहीत हल्ली. तेव्हा मला पुढचंही बोलावं लागलं, आणि ते तुलाही ठाऊक नाही. आता तरी कळवतो.

तुझ्या साखरपुड्याआधी आठ दिवस अजिंक्य मला मंडळाच्या कचेरीत एकटा येऊन भेटला होता. लग्न करायचं मनात नाही, घरी बोलायची हिंमत होत नाही, तुम्हीच काहीतरी कारण काढून मोडा, असं त्याने हात जोडून सांगितलं. मी त्याला कॉफी पाजली. लग्नाआधी सगळ्यांनाच असं वाटतं, संसाराला लागलास की विसरशील, असं सांगून परत पाठवला. साखरपुड्याच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. तुला मी विचारलंसुद्धा नाही. दोन वर्षं मी तुला होसकोट्यात लपवत नव्हतो, सुप्रीता. मी मला लपवत होतो.

स्थळांची वही मी काल मंडळाच्या टेबलावर कायमची ठेवून आलो. तुझी आई अजून बोलत नाही. हे तिलाही कालच कळलं.

तू रागावशील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण एक काम आहे. बैठक संपल्यावर मंडळातल्या शेषगिरीने मला चपलांपाशी गाठलं. त्याची मुलगी भाग्यलक्ष्मी म्हैसूरला सासरी आहे, असं आपण सगळे समजतो ना? ती वर्षभर त्याच्याच घरी वरच्या खोलीत आहे. कुणी आलं की खाली येत नाही. ताटसुद्धा वरच जातं. तुझ्यासारखी कुठेतरी लांब जाईन, मगच बाहेर पडेन, असं म्हणते. शेषगिरी रडला. तिला काय सांगायचं ते मला येत नाही, माझा सल्ला कसा असतो ते तू पाहिलंसच. तू लिही.

दार उघडं आहे. चुकलेल्या बापावर जमेल तेवढाच लोभ ठेव.

अण्णा

——

औलू
१२ जून २०२६

प्रिय भाग्यलक्ष्मीस,
सप्रेम नमस्कार.

तू मला ओळखत नाहीस. मी रघुनंदनअण्णांची सुप्रीता. त्यांच्यावर मी सध्या इतकी चिडलेय की त्यांच्या पत्राला चार दिवस उत्तर दिलेलं नाही. तरी हे पत्र त्यांच्याच सांगण्यावरून लिहितेय.

लांब यायचं असेल तर जरूर ये. कुठले कागद लागतात, कुठला कोट घ्यायचा, सगळं सांगेन. गाव चांगलं आहे. पण लांब आलं की आपोआप मोकळं वाटतं, असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. मी इथे आठ महिने कुणाशी ओळख वाढवली नाही. नवरा काय करतो असं कुणी विचारेल, या भीतीने ऑफिसातल्या पार्ट्याही टाळल्या. वरची खोली मीही बरोबर घेऊन आले होते, फक्त तिला व्हिसा लागला नाही. ती सुटली ३१ मेच्या रविवारी, एका अनोळखी बाईच्या घरी, भरल्या ताटासमोर, खरं बोलल्यावर.

तेव्हा फिनलंडचं नंतर बघू. येत्या रविवारी तुमच्याकडे बिंदुमाधवकाका जेवायला आहेत, असं आईकडून कळलं. केस विंचर, जिना उतर आणि त्यांच्या पंगतीला बसून पोटभर जेव. कुणी काही विचारलं तर खरं ते सांग, आणि मग भात मागून घे.

कसं झालं ते मला लगेच कळव. वाट पाहतेय.

तुझी,
सुप्रीता