मामाला शाळेत कोंडलं तेव्हा

आई,

तू तुझ्या सख्ख्या भावाला शाळेत कोंडलंस, त्याबद्दल तुझ्याशी भांडायचं राहून गेलं. तू होतीस तोवर धीर झाला नाही. आता तू जाऊन इतकी वर्षं झाली, तर काम करता करता मध्येच थांबते आणि तुला जाब विचारते.

ते प्लेगचं साल. सुरतेहून माणसं जीव घेऊन पळत होती. सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला आपलं गाव, आणि तू तिथल्या आरोग्य उपकेंद्राची सिस्टर. मामा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. तो मामीला आणि तान्ह्या लेकराला घेऊन एसटीतून उतरला, तर सरपंचानं त्यांना फाट्यावरूनच परस्पर शाळेत नेलं. सुरतेहून आलेल्यांना गावात घेऊ नका, असा वरून निरोप होता. कागद कुणी पाहिला नव्हता. दाराशी पोलीस बसलेला आणि कुलपाची किल्ली तुझ्या पांढऱ्या साडीच्या पदराला. तू सकाळ-संध्याकाळ आत जायचीस, ताप बघायचीस, काखेत गाठ नाही ना ते चाचपायचीस, कॅप्सूल समोर गिळायला लावायचीस. कुणालाच काही नव्हतं.

आणि अशात आजी गेली. दम्यानं आधीच थकलेली, मामा आलाय हे ऐकून उठून बसली होती, त्याला बघायचं म्हणत होती. भर दुपारी तिचा श्वास थांबला. तू मामाला सांगायला गेलीस तेव्हा मी तुझ्या मागं उभी आहे. मामा खिडकीचे गज धरून रडतोय.

"अक्का, मायला खांदा देऊ दे. हात बांधून ने, पर ने."

"न्हाई."

"काहून न्हाई? मला ताप हाय का? रोज तूच बघून राहिली ना?"

"उद्या आला तर? मयताला समदं गाव येईल."

"मंग सरपंचाचा जावई? त्यो बी सुरतेहूनच आला, दारावरचा पोलीसच सांगत व्हता. जीपनं आला म्हणून त्याला प्लेग व्हत न्हाई का?"

हे तुला ठाऊक नव्हतं. तुझा चेहरा मी पाहिला. घरी अंगणात आजीला ठेवलेलं, बाया जमलेल्या, आणि तू तशीच सरपंचाच्या दारात. "जावईबापूला शाळेत पाठवा," तू म्हणालीस, "न्हाई तर मी आत्ता जाऊन कुलूप काढते."

"सिस्टर, नोकरी कोण्या गावात करता ते इसरू नका."

"नोकरीचं राहू द्या. नियम हाय तर समद्याला हाय."

शेवटी सरपंच नमला, जावई शाळेत गेला. त्याच्या मागं गड्याच्या डोक्यावर गादी. मला वाटलं, आता तरी तू मामासाठी दार उघडशील. तू उघडलं नाहीस. अंत्ययात्रा शाळेपुढं थोडा वेळ थांबवलीस, मामानं गजातून हात जोडले, आणि त्याच्या जागी तू स्वतः खांदा दिलास. बाईनं खांदा दिला म्हणून गावात कुजबुज झाली, ती तू कानाआड केलीस.

प्लेग कुणालाच निघाला नाही. सगळे धडधाकट बाहेर आले. मामा मामीला आणि लेकराला घेऊन सुरतेला परत गेला तो गेलाच. तू गेल्याचा निरोप धाडला, तरी आला नाही.

एकदा भाकरी थापता थापता तू आपणहून बोलली होतीस. "कुणाच्या अंगात काय हाय ते मला कळत नव्हतं गं. कळलं असतं तर कशाला कोंडलं असतं?" तव्यावरची भाकरी करपली, तरी तू ती उलटली नाहीस. मला तेव्हा राग आला होता. नियम सगळ्यांना सारखा केलास, हे खरं. पण निरोग्या माणसाला आईच्या मयतापासून अडवण्याचा हक्क सरकारला कुणी दिला, हे विचारायला तू कुणाच्या दारात गेली नाहीस. की विचारलं होतंस, आणि मला सांगितलं नाहीस?

यंदा स्वाइन फ्लू आला. मी हिंगोलीत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. पुन्हा वरून फोन, पुन्हा तोंडी हुकूम: कुणाला बाहेर सोडू नका, कुणाला आत घेऊ नका. एका मुलीला ताप भरला, तिच्या घशातला नमुना तपासायला गेला. शिरड शहापूरकडून तिचा बाप आला, मेंढरं राखणारा. फाटकाशी उभा राहून म्हणाला, "बाई, माझं लेकरू काही कैदी न्हाई. डोळ्यानं बघू तरी द्या."

मी फाटक उघडलं. तोंडाला रुमाल बांधायला लावून त्याला मुलीच्या खाटेपाशी बसवलं. त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. मी तुझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे, असं त्या क्षणी मला वाटलं, आई. तो गेला आणि मग माझ्या ध्यानात आलं: त्याच्या वस्तीवर म्हातारी माणसं असतील, पोरंसोरं असतील. तपासणीत काही निघालं नाही. पण तो निकाल येईस्तोवर जेवण गेलं नाही, आणि सगळ्या मुली झोपल्या तरी मी व्हरांड्यात येरझारा घालत होते.

हे मामाला पाठवावं असं मनात आलं होतं. नाही पाठवत. तो विचारील, तू कुणाच्या बाजूची? आणि मला सांगावं लागेल की उद्या पुन्हा कुणी फाटकाशी आलं, तर मी उघडीन असं मला वाटत नाही.