न अडखळलेली नजर

नागपूर,
९ फेब्रुवारी १९७४

सौ. पंचफुला,
गोविंदाची आठवण घे. मी बरा आहो, जेवण टायमावर होते. बाबाले एवढंच सांग. पोराचा खोकला गेला का?

तुले खरं सांगतो, माहा दोस्त लिहून घेऊन राहिला. गिरणीत पक्कं कराच्या आधी दारावरचा बोर्ड वाचून दाखवा लागते. दोस्तानं उतरवून दिला, तू दिवाळीत पाठ करून घेतला, तसा मी घडाघडा म्हटला. मिस्त्री बोर्डाकडे पाहेच ना. नाकाले नाक लावून माह्या डोळ्यात पाहून राहिला होता. तोंडाले तंबाखूची घाण.

म्हणे, "काहून गा, 'अग्निप्रतिबंधकव्यवस्था' एवढा लांब शब्द. वाचणाऱ्याची नजर तिथं थांबते, मागं येते, तुकडे पाडते. तुही तर तुपावरून घसरली. पाठ केला ना?"

सारे हसले. बाजारात बैलाचे दात पाहतात, तशी माही गत. थू असल्या नोकरीवर.

पण पुढच्या महिन्यात तो नवा बोर्ड वाचाले देणार आहे. म्हणून या पत्रातला वरचा लांब शब्द तेवढा मी बोर्डापुढं उभा राहून तुकड्या-तुकड्यानं स्वतः उतरवला. बरोबर आहे का वं? अन् तुही नजर त्यात कुठं थांबली, तेही लिहून धाड.

तुहाच,
गोविंदा