वणव्यानंतरची रानतूर

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण फणसवाडीतलं तुमचं स्वयंपाकघर आज सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. स्टोव्हवर कढई, कढईत वाळू, वाळूत रानतुरीचं बी, आणि तुम्ही थर्मामीटर धरून वाकलेल्या. "डोंगरावरून वणवा गेला की त्या काळ्या जमिनीत आधी हीच वर येते," तुम्ही सांगताय. "आगीत जमिनीतलं नत्र उडून जातं गं. हिच्या मुळांवरच्या गाठी ते परत आणतात. पण बी एवढं टणक, ते फुटतं कसं? मला वाटतं, धग लागल्यावरच." न तापवलेलं बी, बेताचं तापवलेलं आणि खूप तापवलेलं, अशा कुंड्या आपण कॉलेजच्या गच्चीवर मांडल्या. मग तुम्हाला टायफॉईड झाला आणि पाणी घालणं, रोज कोंब मोजणं माझ्यावर आलं. त्याच आठवड्यात संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरलं. मी लालबागची, गिरणीकामगाराची मुलगी. चाळीतल्या बायकांबरोबर मोर्च्यांना जाऊ लागले, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. संचारबंदी दोनच दिवस होती. बाकीचे दिवस मी येऊ शकले असते. गच्चीवर गेले तेव्हा कुंड्या कोरड्याठाक होत्या. मी वही उघडली आणि मनानेच आकडे भरले. जितकी धग जास्त तितके कोंब जास्त, तुम्हाला आवडतील असे.

बऱ्या झाल्यावर वही चाळून तुम्ही म्हणालात, "फारच सरळ आलेत गं आकडे."

"हो, बाई," मी म्हटलं.

विभागप्रमुखांनी तो प्रयोग सगळ्यांसमोर पुन्हा करायला लावला. माझ्या वहीवर भरवसा ठेवून तुम्ही बी खूप तापवलंत. ते करपलं. एकही कोंब आला नाही. "मोजणी कुणी केली होती?" प्रमुखांनी विचारलं. मी तिथेच, खिडकीपाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंतसुद्धा नाही. "मीच," म्हणालात. त्यानंतर प्रयोगशाळा तुमच्या वाट्याला आली नाही. दादरच्या एका शाळेत तुम्ही शेवटपर्यंत शिकवत राहिलात.

पुढे मीही वनस्पतिशास्त्र शिकवलं. दरवर्षी वर्गात रानतुरीचं बी बेताचं तापवून पेरायचे आणि ते भराभर उगवायचं. तुमचं बरोबर होतं, बाई. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहायला धजले. मुलं विचारायची, "मॅडम, हे आधी कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हणायचे, "पुस्तकात आहे." तुमचं नाव घेतलं असतं, तर त्या बाईंचं पुढे काय झालं, तेही त्यांनी विचारलं असतं.